बँडला घेऊन विनोदी सिनेमा : वाचकांचे प्रश्न

पॉप बँडमधल्या मुलांनाच प्रमुख भूमिका देऊन विनोदी सिनेमा करायचा, तर लिखाणापासून शेवटच्या कटपर्यंत काय काय लागतं, यावर सातारा आणि सांगलीकडून आलेले प्रश्न या वेळी घेतले आहेत. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

आमचा चौघांचा बँड आहे, गाणी स्वतःची आहेत. दीड तासाचा विनोदी सिनेमा करायचा ठरलंय, पण चौघांपैकी एकानेही कधी नाटकात काम केलेलं नाही. पटकथा लिहिताना काय सांभाळावं? (कराड)

चौघांना नट बनवायच्या फंदात पडू नका. एकत्र वाजवून वाजवून त्यांना एकमेकांची लय पाठ झालेली असते. कोण कधी थांबतो, कोण कुणाचं वाक्य मध्येच उचलतो, हे त्यांच्या अंगात मुरलेलं असतं आणि ते चार नवख्या नटांना महिनाभराच्या तालमीतही जमत नाही. पटकथा या लयीवर उभी करा. लेखकाने आधी आठवडाभर तरी तालमीला, चहाला, गाडीत त्यांच्याबरोबर बसावं आणि सांगून-सवरून फोनवर गप्पा रेकॉर्ड कराव्यात. त्या कागदावर उतरवल्या की प्रत्येकाचा स्वभाव एका ओळीत सापडतो: एक हिशेबी, एक कायम उशिरा येणारा, एक वाद उकरणारा, एक गप्प. सिनेमाभर तेवढंच धरून चला. स्वभावाचे तीन-तीन पदर द्यायला गेलात की चौघेही सारखे वाटायला लागतात.

संवाद आठ-दहा शब्दांच्या आत ठेवा आणि सलग दोन वाक्यांच्या वर कुणालाच देऊ नका. हशा ज्या शब्दावर यायचा, तो शेवटी आला पाहिजे. मराठी वाक्याच्या शेवटी क्रियापद येऊन बसतं आणि विनोद त्याच्याखाली दबतो. 'तुझा शर्ट ड्रमरने घातलेला आहे' यावर कुणी हसत नाही. 'तुझा शर्ट? स्टेजवर गेलाय. ड्रमरच्या अंगावर.' इथे ठोका बरोबर बसतो. सगळी पटकथा या एकाच नजरेने पुन्हा वाचून काढा.

गोष्ट सोपी असू द्या. संध्याकाळी सांगलीच्या भावे नाट्यमंदिरात कार्यक्रम आहे आणि कराडहून निघालेला बँड वेळेत पोचतो की नाही, एवढ्यावर दीड तास चालतो. पाच-सहा गाणी म्हणजे साधारण अठरा मिनिटं. एक पान म्हणजे एक मिनिट धरलं, तर उरलेल्या प्रसंगांची बहात्तर-पंचाहत्तर पानं झाली. त्यातला कसलेल्या अभिनयाचा भार मॅनेजर, ड्रायव्हर, हॉलचा व्यवस्थापक, नवरदेवाचा मामा अशा पात्रांवर टाका. राज्य नाट्य स्पर्धेत कामं करणारी उत्तम मंडळी दोन्ही जिल्ह्यांत आहेत, त्यांना घ्या. विनोद पुढे नेणारं काम त्यांनी करायचं, बँडने फक्त उत्तर द्यायचं. प्रत्येक मुलाला एकट्याचा एक प्रसंग जरूर द्या, पण तो जवळपास मुका ठेवा.

नवख्या माणसाला कॅमेऱ्यासमोर हातांचं काय करावं ते कळत नाही. प्रत्येक संवादाच्या वेळी हातात काम द्या: तार बदलणं, केबल गुंडाळणं, स्टँडचा स्क्रू आवळणं. बोलणं आपोआप मोकळं होतं. सगळ्यात जास्त बिघडतं ते पाळीपाळीने, समान अंतर सोडून बोलण्यामुळे. त्यांना एकमेकांवर बोलू द्या, पण फक्त लांबच्या शॉटमध्ये. क्लोजअपमध्ये प्रत्येकाचं वाक्य सुटं घ्या, नाहीतर संकलनात दोन आवाज वेगळे करता येत नाहीत.

गाण्यांच्या शूटिंगला ओठ आणि आवाज जुळत नाहीत. आम्ही फोनवरून ब्लूटूथ स्पीकरवर गाणं लावतो. चूक नेमकी कुठे होते? (मिरज)

चूक बहुधा एका जागी नसते, म्हणून क्रमाने तपासा.

पहिली गोष्ट फाइल. शूटिंगआधी गाण्याचं अंतिम मिक्स नसलं तरी चालेल, पण लय आणि गायन पक्कं झालेलं हवं. ते ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट वेव्ह फाइलमध्ये काढा. गाण्याआधी लयीतले चार ठोके टाका. डाव्या चॅनेलवर गाणं आणि उजव्यावर टाइमकोड (जुळवणीसाठी वेळ नोंदवणारा सिग्नल) ठेवायची पद्धत आहे: डावा चॅनेल स्पीकरला जातो, उजवा रेकॉर्डरला. दोन्ही चुकून स्पीकरला गेले की किर्र आवाज येतो, तेव्हा वायर आधी तपासून घ्या. मुखडा, प्रत्येक कडवं आणि मधलं संगीत यांच्या वेगळ्या फाइल करा आणि प्रत्येकीच्या आधी आठ मात्रांचा भाग सोडा. दर वेळी गाणं पहिल्यापासून लावलं तर दुपारपर्यंत गायकाचा घसा बसतो.

दुसरी गोष्ट फ्रेम रेट. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून सेकंदाला २५ फ्रेम (चित्रं) आणि शटर १/५० सोयीचं. चित्रपटगृहासाठी २४ फ्रेमवर करत असाल तरी शटर १/५० ठेवा, म्हणजे ट्यूबलाइट लुकलुकत नाही. एक कॅमेरा २४ वर आणि दुसरा २३.९७६ वर राहिला, तर फरक हजारात एक इतकाच असतो. पण चार मिनिटांच्या गाण्यात तो पाव सेकंदाच्या आसपास, म्हणजे सहा फ्रेम होतो आणि शेवटच्या कडव्याला ओठ उघडे पडतात. फोनचा कॅमेरा वापरत असाल तर त्याचा फ्रेम रेट चालता चालता बदलतो. तो स्थिर ठेवणारं अॅप वापरा किंवा संकलनाआधी फुटेज स्थिर फ्रेम रेटमध्ये बदलून घ्या.

आता ब्लूटूथ. त्यात आवाज एक दशांश ते पाव सेकंद उशिरा येतो. बँड आणि कॅमेऱ्याचा माइक दोघेही त्याच एका स्पीकरचा आवाज घेत असतील, तर उशीर दोघांनाही सारखाच होतो आणि निभावतं. बँडला ब्लूटूथवर आणि रेकॉर्डरला वायरने दिलंत की गडबड झालीच. वायर वापरा, प्रश्नच मिटतो.

तिसरी गोष्ट अंतर, आणि ही बहुतेकांच्या लक्षात येत नाही. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे २५ फ्रेमच्या हिशेबात दर साडेतेरा मीटरला एक फ्रेम मागे पडतो. स्पीकर बँडजवळ आणि कॅमेरा चाळीस मीटर लांब असेल, तर कॅमेऱ्याच्या माइकमध्ये गाणं तीन फ्रेम उशिरा पोचतं. संकलक त्याच आवाजावर जुळवणी करतो आणि ओठ तीन फ्रेम चुकतात. लांबच्या शॉटला क्लॅप (शॉटच्या पाटीचा ठोका) बँडच्या शेजारी उभं राहून द्या आणि जुळवणी क्लॅप मिटलेल्या फ्रेमवरून करा, कॅमेऱ्याच्या आवाजावरून नको.

स्लो मोशनसाठी गाणं वेगळं करावं लागतं. ५० फ्रेमवर घेऊन २५ वर दाखवायचं, तर प्लेबॅक (सेटवर लावलेलं गाणं) दुप्पट वेगाने हवा. मूळ लय १०० असेल तर ती २०० होते, तेवढ्या वेगात एखादी ओळ म्हणता येते, अख्खं कडवं नाही. उलट गडबडीचा विनोद हवा असेल तर २० फ्रेमवर घ्या आणि गाणं ८० टक्के वेगाने लावा: ओठ जुळतात आणि हालचाल सव्वापट वेगाने होते. अंगविक्षेप करून जे साधत नाही ते इथे सहज साधतं.

राहिला बँड. गायकाने खरोखर पूर्ण आवाजात गायचं, नुसते ओठ हलवले तर गळ्याच्या शिरा शांत दिसतात. ड्रमवर पातळ रबरी पॅड, झांजांवर प्लास्टिकचे म्यूट लावा, नाहीतर प्लेबॅक कुणालाच ऐकू येत नाही. गिटारला केबल लावलेली दिसू द्या आणि कॉर्ड खरीच धरा. मिरजेसारख्या वाद्यांच्या गावात गिटारच्या दांडीवर चुकीच्या पडद्यावर ठेवलेलं बोट पहिल्या रांगेतला माणूस ओळखतो.

गाणं चालू असताना संवाद असतील तर पहिल्या चार मात्रा ऐकवून प्लेबॅक बंद करा. नट लगेच हळू बोलायला लागतात. गाणं चालूच आहे असं समजून मोठ्यानेच बोलायचं, हे प्रत्येक टेकला बजावा. मागे नाचणाऱ्यांना ताल हवा असेल तर ३०-४० हर्ट्झचा नुसता घुमारा लावा. तो पुढे फिल्टरने काढता येतो, त्यासाठी स्पीकर मात्र सबवूफरच लागतो.

बीटल्सचा १९६४ सालचा सिनेमा इतक्या कमी दिवसांत कसा झाला? त्यातून आपल्याला काही घेता येईल का? (सातारा)

'अ हार्ड डेज नाइट'चं शूटिंग २ मार्चला सुरू होऊन २४ एप्रिलला संपलं आणि ६ जुलैला लंडनमध्ये तो लागलाही. दिग्दर्शक रिचर्ड लेस्टर, छायाचित्रण गिल्बर्ट टेलर यांचं, तेही कृष्णधवल. युनायटेड आर्टिस्ट्स या चित्रपट कंपनीला बँडची लोकप्रियता ओसरायच्या आत, कमी खर्चात सिनेमा हवा होता आणि त्याबरोबर गाण्यांचा अल्बम.

वेग आला तो लिखाणामुळे. लेखक ऍलन ओवेन डब्लिनच्या दौऱ्यात चौघांबरोबर राहिले आणि त्यांनी पाहिलं की ही मुलं जिथे जातात तिथे कोंडलेलीच असतात: गाडी, खोली, स्टेज, पुन्हा गाडी. तेच त्यांनी कथेचं सूत्र केलं आणि संवाद तोकडे ठेवले. मोठं काम बँडमधल्या पॉलच्या आजोबांच्या भूमिकेतल्या विल्फ्रिड ब्रँबेल या मुरलेल्या नटाकडे गेलं. ड्रमर रिंगोला नदीकाठच्या भटकंतीचा एकट्याचा प्रसंग मिळाला. मैदानात चौघे उड्या मारत धावतात त्या गाण्यात ओठ जुळवण्याचा प्रश्नच नाही, कारण तिथे कुणी गातच नाही. आपल्याकडच्या मंडळींनी हे नक्की उचलावं. सहा गाण्यांतली दोन अशी ठेवलीत तर शूटिंगचे किमान दोन दिवस वाचतात आणि सिनेमाला मोकळा श्वास मिळतो.

त्या सिनेमाला पटकथा आणि संगीत रूपांतर या दोन विभागांत ऑस्करचं नामांकन मिळालं होतं. विनोदी आणि बँडचा म्हणून लिखाणात हयगय करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

शेवटचा कार्यक्रम नाट्यगृहात घ्यायचा आहे. प्रेक्षक म्हणून जेमतेम ऐंशी लोक जमतील. हॉल भरलेला कसा दाखवायचा? (सांगली)

ऐंशी पुष्कळ आहेत. कॅमेरा स्टेजच्या मागच्या बाजूला, ड्रमरच्या पाठीशी ठेवा आणि समोरून दोन-तीन दिवे थेट लेन्सकडे रोखा. पहिल्या पाच-सहा रांगा भरलेल्या दिसतात आणि मागचा रिकामा हॉल उजेडाच्या झोतात नाहीसा होतो. प्रेक्षकांचे जवळचे शॉट ८५ मिलिमीटर किंवा त्याहून लांब लेन्सवर घ्या, तीसेक माणसांत फ्रेम भरते.

एक मोठा शॉट मात्र हवाच. कॅमेरा तिवईवर घट्ट बसवा, फोकस आणि एक्स्पोजर हाताने ठरवून कुलूपबंद करा. ऐंशी जणांना आधी डाव्या भागात बसवून मिनिटभर घ्या, मग मध्ये, मग उजवीकडे. संकलनात तिन्ही भाग जोडता येतात. जोड नेहमी मधल्या वाटेवर पाडा आणि वाटेपलीकडे कुणी हात हलवणार नाही याची काळजी घ्या, तुटलेला हात लगेच दिसतो. भाग बदलताना टोप्या, ओढण्या, जॅकेटं अदलाबदल करा. भडक लाल शर्टवाला तिन्हीकडे दिसला की सगळं उघडं पडतं.

दिव्यांची चाचणी आदल्या दिवशी घ्या. मंडपवाल्यांकडचे स्वस्त एलईडी 'पार' (PAR) दिवे डिमरवर खाली आणले की कॅमेऱ्यात पट्टे मारतात, जरी डोळ्यांना काही कळत नसलं तरी. ते पूर्ण तेजावर ठेवा आणि उजेड लेन्सच्या ॲपर्चरने किंवा एनडी फिल्टरने कमी करा. मागे एलईडी वॉल असेल तर तिच्यावर फोकस नको, जाळीदार नक्षी उमटते. बँड भिंतीपासून चार-पाच मीटर पुढे उभा करा.

प्रेक्षकांचा आरडाओरडा वेगळा रेकॉर्ड करा. शॉट चालू असताना त्यांनी तोंडं उघडायची, हात हलवायचे, आवाज काढायचा नाही. शेवटी दहा मिनिटं कॅमेरे बंद ठेवून टाळ्या, शिट्ट्या, 'वन्स मोअर' असं एकेक घ्या.

बसमधला प्रवास आणि पठारावरचे प्रसंग आहेत. आवाज थेट घ्यावा की डबिंग करावं? (कोरेगाव)

शक्य तिथे थेट घ्या. नवख्या माणसाला डबिंगमध्ये तीच लय पुन्हा सापडत नाही आणि विनोद तिथेच मरतो.

एसटी प्रासंगिक करारावर मिळते, पण शूटिंगची परवानगी महामंडळाकडून वेगळी घ्यावी लागते. संवादाचे शॉट इंजिन बंद करून, उभ्या बसमध्ये घ्या. बाहेरून दोघांनी बस हलकेच हलवायची, तिसऱ्याने खिडकीसमोरून फांदी फिरवून सावली सरकवायची. खिडकीबाहेरचा भाग थोडा ओव्हरएक्स्पोज ठेवला की बस चालू आहे हे पटतं. इंजिन, गिअर, दाराची कडी, घंटीची दोरी यांचे आवाज नंतर सुटे घ्या.

चाळकेवाडीसारख्या पठारावर वारा आणि पवनचक्क्यांचं घरघरणं दोन्ही असतं. बूम माइकला (लांब दांड्यावरच्या माइकला) केसाळ आवरण लागतंच. कॉलर माइक शर्टाच्या आत, छातीच्या हाडावर वैद्यकीय चिकटपट्टीने लावा आणि कापड घासणार नाही असं बसवा. सकाळी लवकर वारा कमी असतो, संवाद तेव्हा उरका. उसाच्या हंगामात रस्त्याकडेला संवाद ठेवूच नका. ट्रॉल्यांवर मोठ्याने गाणी लावलेली असतात आणि ती तुमच्या आवाजात शिरली, तर गोंगाटाबरोबर हक्कांचाही प्रश्न उभा राहतो.

मेणवलीचा घाट, कास आणि एक बैलांचा प्रसंग आहे. लहान मुलंही आहेत. परवानग्या कुणाच्या लागतात? (वाई)

जागांसाठी सुरुवात महाराष्ट्र चित्रपट, रंगभूमी आणि सांस्कृतिक विकास महामंडळाच्या एक खिडकी योजनेपासून करा. मेणवलीला वाडा आणि घाट यांच्याशी संबंधित मंडळींची आणि ग्रामपंचायतीची संमती वेगळी घ्या. कास २०१२ पासून जागतिक वारसा यादीत आहे, तिथे वनविभागाशिवाय काही होत नाही. फुलांच्या दिवसांत सड्यावर युनिट उतरवायचा हट्ट धरू नका. कॅमेऱ्याची एक ट्रॉली आणि पंधरा माणसं गेली तरी कोवळी रोपं चिरडतात. तसा हिरवा उतार त्याच परिसरात खासगी रानात मिळतो.

ड्रोन २५० ग्रॅमच्या वरचा असेल तर नोंदणी क्रमांक लागतो आणि व्यावसायिक कामाला प्रमाणित पायलटही लागतो. उड्डाणाचा विभाग सरकारच्या डिजिटल स्काय नकाशावर आधी पाहा. कोयना धरणाच्या आसपास ड्रोन नकोच. उघड्यावर रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकाला बंदी आहे, म्हणजे रात्रीच्या बाहेरच्या गाण्याचा प्लेबॅक दहाला बंद झाला पाहिजे. वेळापत्रक तसंच आखा.

बैल, बकरी, कुत्रा, काहीही पडद्यावर आणायचं तर भारतीय पशू कल्याण मंडळाची परवानगी शूटिंगच्या आधी लागते. ती नसली तर सेन्सॉरच्या प्रमाणपत्राच्या वेळी प्रसंग अडकतो. चौदा वर्षांखालच्या मुलांसाठी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यायची. दिवसाला पाच तासांहून जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांहून जास्त नाही, आणि मानधनाचा किमान पाचवा भाग मुलाच्या नावे मुदत ठेवीत टाकायचा.

एक जुनं लोकप्रिय गाणं आमच्या ढंगात घेतलं तर चालेल का? (विटा)

विचारल्याशिवाय नाही. शब्द आणि चालीचे हक्क एकाकडे, मूळ ध्वनिमुद्रणाचे दुसऱ्याकडे असू शकतात. तुम्ही नव्याने वाजवून गायलात तरी पहिल्या हक्काची लेखी परवानगी लागतेच. त्यापेक्षा स्वतःचं सहावं गाणं करा. बँडमध्ये कुठल्या गाण्याचे शब्द कुणाचे, चाल कुणाची, हे शूटिंगआधी कागदावर सह्यांनिशी उतरवा. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराला चित्रपटगृहाबाहेरच्या वापराच्या रॉयल्टीतला समान वाटा सोडून देता येत नाही, म्हणून 'सगळं सगळ्यांचं' असं तोंडी ठरवणं पुढे भांडणाला कारण होतं.

चित्रपटगृहात लावायचा असेल तर सेन्सॉरचं प्रमाणपत्र हवं. २०२४ पासून यूए हा एकच गट राहिलेला नाही, यूए ७+, १३+ आणि १६+ असे तीन भाग झाले आहेत.

पहिला कट तयार आहे. सेटवर सगळे हसत होते, पडद्यावर कुणी हसत नाही. (सांगली)

पंधरा-वीस अनोळखी माणसांना दाखवा. युनिटमधलं कुणी त्यांच्यात बसू नये. त्यांचा आवाज पहिल्यापासून शेवटपर्यंत रेकॉर्ड करा आणि तो टाइमलाइनवर सिनेमाच्या शेजारी ठेवा. हशा कुठे आला, कुठे यायला हवा होता आणि कुठे पुढचं वाक्य हशात बुडालं, हे तिथे फ्रेममध्ये मोजता येतं.

बुडालेल्या वाक्याआधी १२ ते २० फ्रेमची प्रतिक्रिया वाढवा. त्यासाठी गप्प बसणाऱ्या मुलाचा चेहरा सगळ्यात उपयोगी पडतो. पडणं, आपटणं, दार तोंडावर बंद होणं हे क्लोजअपमध्ये कापलं असेल तर पुन्हा लांबच्या शॉटला या, पाय आणि जमीन दिसल्याशिवाय पडण्याला वजन येत नाही. विनोदाखालचं गमतीदार पार्श्वसंगीत काढून पाहा, बऱ्याचदा तेच आधी चाहूल देत असतं. गाण्यात प्रत्येक कट ठोक्यावर टाकला असेल तर काही कट दोन फ्रेम आधी सरकवा, चित्र हलकं होतं. पहिलं गाणं दहा मिनिटांच्या आत आलंय का ते पाहा. नसेल तर सुरुवातीचा ओळख करून देणारा प्रसंग काढून टाका, चौघं कोण आहेत ते गाण्यातच कळतं. बदललेला कट नव्या पंधरा जणांना दाखवा, आधीच्यांना नको, आणि हशाच्या जागा पक्क्या झाल्यावरच ध्वनीच्या अंतिम मिक्सला द्या.